एक ‘फ्री’ आणि स्पॅनिशमधील त्याची वाटणी

इंग्रजी भाषेच्या समृद्धीचा विषय निघाला की आपल्याकडे तिच्या अफाट शब्दसंग्रहाचा दाखला दिला जातो. तो दाखला खोटा नाही. परंतु रोजच्या व्यवहारात इंग्रजी ज्या शब्दांवर सर्वाधिक विसंबते ते शब्द थोडे आहेत, आखूड आहेत आणि बहुतेक अनेकार्थी आहेत. ‘गेट’, ‘सेट’, ‘रन’, ‘राइट’, ‘टाइम’, ‘फ्री’ अशा एकेका शब्दाकडून ती भाषा डझनभर कामे करून घेते. इंग्रजी बोलणाऱ्याला त्याची अडचण वाटत नाही, कारण संदर्भ त्याच्या मदतीला असतो. अडचण सुरू होते ती असा शब्द दुसऱ्या भाषेत न्यावयाचा झाला की. मूळ वाक्यात जे मोघम ठेवून चालले होते, ते अनुवादकाला निश्चित करून सांगावे लागते. त्याला निवाडा द्यावा लागतो.

प्रस्तुत लेखात आम्ही यांपैकी एकच शब्द घेतला आहे, तो म्हणजे ‘फ्री’. आणि स्पॅनिश भाषेत जाताना त्याची वाटणी कशी होते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. स्पॅनिशच का, असे कोणी विचारील. ती वीसएक देशांची राज्यकारभाराची भाषा आहे आणि मेक्सिकोच्या सीमेवर, पोर्तो रिको बेटावर तिचा इंग्रजीशी रोजचा शेजार आहे. एवढा शेजार असूनही तिने ‘फ्री’ हा शब्द सगळाच्या सगळा उचलून घरात आणलेला नाही. दुसरे कारण आमच्या वाचकांशी संबंधित आहे. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला दोन-तीन भाषांच्या मध्ये उभे राहून बोलण्याची सवय असते. कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला गेला, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ पुस्तकी राहत नाही.

‘फ्री’ची कामे

इंग्रजीत स्वतंत्र देश ‘फ्री’ असतो, सुटलेला कैदी ‘फ्री’ असतो, रिकामी खुर्ची ‘फ्री’ असते, दुपारचा मोकळा वेळ ‘फ्री’ असतो, साबणावर मिळालेली वाटी ‘फ्री’ असते आणि ज्यात साखर नाही ते बिस्किटही ‘शुगर-फ्री’ असते. स्पॅनिश अनुवादकाच्या हाती हे सारे आले की त्याला दोन प्रमुख शब्द आठवतात: बंधन नसणे या अर्थाचा ‘लिब्रे’ आणि मोल द्यावे न लागणे या अर्थाचा ‘ग्रातिस’ किंवा ‘ग्रातुइतो’. देश, कैदी, खुर्ची आणि वेळ ‘लिब्रे’कडे जातात, वाटी ‘ग्रातिस’कडे जाते. बिस्किटाला या दोहोंपैकी एकही शब्द चालत नाही. तेथे ‘सिन अथुकार’, म्हणजे सरळ ‘साखरेविना’, असे म्हणावे लागते.

वाटणी येथे संपत नाही. मोकळ्या आवारात हिंडणाऱ्या कोंबडीचे अंडे इंग्रजीत ‘फ्री-रेंज’ असते. स्पेनमध्ये त्याला शेतशिवाराच्या नावावरून ‘काम्पेरो’ म्हणतात. क्रियापदाचेही तसेच. पिंजऱ्यातला पक्षी किंवा हातातली दोरी सोडून द्यायची तर ‘सोल्तार’, देश वा बंदिवान मुक्त करायचा तर ‘लिबेरार’, संकटातून सोडवायचे तर ‘लिब्रार’. इंग्रजीचे एकच ‘टू फ्री’ या तिन्ही जागी जाऊन बसते.

या वाटणीचे व्यावहारिक मोल किती, हे स्पेनमधील खानावळीच्या दारावरची एक पाटी दाखवते. तेथे ‘बुफे लिब्रे’ असे लिहिलेले असते. ठरलेली रक्कम भरायची आणि पोट भरेल तेवढे वाढून घ्यायचे, असा त्याचा अर्थ. वाढून घेण्यावर बंधन नाही म्हणून ते ‘लिब्रे’. पैसे मात्र द्यावेच लागतात, म्हणून ते ‘ग्रातिस’ नाही. याच पाटीचा कोणी इंग्रजीत शब्दशः ‘फ्री बुफे’ असा अनुवाद केला, तर जेवून उठलेला पाहुणा आणि मालक यांच्यात गल्ल्यापाशी काय संवाद होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अर्थात ही सीमारेषा सर्वत्र लखलखीत नाही. संग्रहालयाच्या दारावर ‘एन्त्रादा लिब्रे’ असे लिहिले असेल तर त्याचा शब्दशः अर्थ ‘कोणासही मज्जाव नाही’ असा होतो. व्यवहारात मात्र तेथे बहुधा तिकीटही नसते. दोन शब्द असले म्हणजे गोंधळ समूळ नाहीसा होतो, असा आमचा दावा नाही. परंतु गरज पडेल तेव्हा दोन अर्थ वेगळे करण्याची सोय भाषेत असते, ही गोष्ट लहान नव्हे.

‘असणे’ दोन प्रकारचे

स्पॅनिशमध्ये आणखी एक सोय आहे, आणि ती शब्दकोशापेक्षा व्याकरणात आहे. ‘असणे’ या क्रियेसाठी त्या भाषेत दोन क्रियापदे आहेत: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ढोबळमानाने सांगायचे तर वस्तू मुळात काय आहे हे ‘सेर’ सांगते आणि ती सध्या कोणत्या अवस्थेत आहे हे ‘एस्तार’ सांगते. त्यामुळे ‘आय अ‍ॅम फ्री’ या तीन शब्दांच्या साध्या इंग्रजी वाक्यापाशीही अनुवादकाला थांबावे लागते. ‘सोय लिब्रे’ म्हटले तर ‘मी स्वतंत्र माणूस आहे, कोणाचा गुलाम नाही’ असा अर्थ होतो. ‘एस्तोय लिब्रे’ म्हटले तर ‘मला सध्या काम नाही’ किंवा ‘मी सुटलो आहे’ असा अर्थ होतो. स्पेनमधील टॅक्सीवर ‘लिब्रे’ ही पाटी दिसते ती या दुसऱ्या अर्थाने. टॅक्सी रिकामी आहे. तिच्या चालकाच्या नागरी हक्कांविषयी पाटी काही बोलत नाही.

मराठीत ‘आहे’ एकच असले तरी आपण हे काम विशेषणाकडून करून घेतो. ‘मी स्वतंत्र आहे’ आणि ‘मी मोकळा आहे’ ही वाक्ये कोणी मराठी माणूस एकमेकांच्या जागी वापरणार नाही. मार्ग निराळा, पण भेद तोच.

शब्दांची कुळे

या शब्दांच्या कुळांचा शोध घेतला तर त्यांच्या वागण्याचा उलगडा होतो. इंग्रजी ‘फ्री’ हा जर्मानिक कुळातला शब्द. त्याचे मूळ ज्या प्राचीन धातूत आहे त्याच धातूतून संस्कृतचा ‘प्रिय’ आला आहे, आणि इंग्रजीतला मित्रवाचक ‘फ्रेंड’ही त्याच घराण्यातला. घरात जे आपले, जिव्हाळ्याचे, ते ‘फ्री’. राबण्यासाठी आणलेले दास ते नव्हेत, असा त्यामागील विचार असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. लॅटिनमधील ‘लिबेर’ या शब्दाचाही प्रवास याच्याशी मिळताजुळता आहे. त्याचे अनेकवचन ‘लिबेरी’ हे लॅटिनमध्ये घरातल्या मुलाबाळांसाठी वापरले जाई. स्पॅनिशचा ‘लिब्रे’ त्या ‘लिबेर’चा वारस आहे.

‘ग्रातिस’चे घराणे निराळे. तोही लॅटिनच, परंतु त्याचे मूळ ‘ग्रातिया’, म्हणजे कृपा, मर्जी, उपकार या अर्थाच्या शब्दात आहे. मोबदला न घेता केवळ मर्जीखातर दिलेले ते ‘ग्रातिस’. स्पॅनिश माणूस आभार मानताना ‘ग्रासियास’ म्हणतो तोही याच मुळातून आलेला शब्द. म्हणजे ‘ग्रातिस’ म्हटले की त्यात देणारा आणि घेणारा असे दोघे गृहीत धरलेले असतात. घेणाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षाही त्यात दडलेली असते. ‘लिब्रे’मध्ये देणारा कोणी नसतो. स्वतंत्र माणूस स्वतंत्र आहे, त्यासाठी त्याने कोणाचे आभार मानायचे?

मोफत मिळण्याला स्पॅनिशमध्ये आणखी एक शब्दप्रयोग आहे, ‘दे बाल्दे’. त्याचाच जोडीदार ‘एन बाल्दे’ म्हणजे व्यर्थ, निष्फळ. स्पेनवर अरबांचे राज्य होते त्या काळातला हा अवशेष असून त्याचे मूळ अरबी ‘बातिल’ या शब्दात आहे. हैदराबादेतील आमच्या वाचकांना हा ‘बातिल’ उर्दूमुळे परिचित असेल. फुकट आणि व्यर्थ या कल्पनांची ही जोडी आपल्यालाही नवी नाही. ‘पुस्तक फुकट मिळाले’ आणि ‘मेहनत फुकट गेली’ ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच शब्दाने होतात. ज्याला मोल पडत नाही त्याला मोल नसते, असा संशय दोन्ही भाषांनी जपून ठेवलेला दिसतो.

एका जाहीरनाम्यातील दोन कलमे

आता अशा ठिकाणी जाऊ जेथे शब्दाची निवड चुकून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या इंग्रजी पाठातील पहिल्या कलमात माणसे जन्मतः ‘फ्री’ आहेत असे म्हटले आहे, आणि सव्विसाव्या कलमात शिक्षण, निदान प्राथमिक टप्प्यावर, ‘फ्री’ असावे असे म्हटले आहे. एकाच दस्तऐवजात एकच शब्द. स्पॅनिश पाठात पहिल्या कलमात ‘लिब्रेस’ आहे आणि सव्विसाव्यात ‘ग्रातुइता’. विवाहासाठी दोघांची संमती कशी असावी हे सांगणाऱ्या सोळाव्या कलमात पुन्हा ‘लिब्रे’ येतो. स्पॅनिश वाचकाला या कलमांत गल्लत करण्याची मुभाच राहत नाही.

याच पहिल्या कलमाशी बडोद्याचा एक संबंध आहे, तो येथे नोंदवणे उचित ठरेल. त्या कलमाच्या आरंभी ‘ऑल मेन’ असे शब्द होते. इंग्रजी ‘मॅन’ म्हणजे माणूसही आणि पुरुषही. या दुहेरी अर्थाचा फायदा घेऊन स्त्रियांना वगळले जाईल, हे ओळखून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तेथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द घालण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. अनेकार्थी शब्द कायद्यात राहू दिला तर त्याचा कोणता अर्थ लावायचा हे पुढे बलवान ठरवतो, हे त्यांनी जाणले होते.

शिक्षण ‘फ्री’ म्हणजे कसे?

सव्विसाव्या कलमातील शिक्षणाचा विषय थोडा पुढे नेला पाहिजे, कारण ‘फ्री’मधला गोंधळ सर्वांत महाग पडतो तो येथे. १८७५ मध्ये स्पेनच्या सरकारने फर्मान काढून विद्यापीठातील अध्यापकांवर धर्म आणि राजसत्ता यांच्याविरुद्ध काही शिकवू नये असे बंधन घातले. ज्यांनी ते मानले नाही त्यांना पदावरून दूर केले गेले. त्यांपैकी फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस आणि त्यांचे सहकारी यांनी १८७६ मध्ये माद्रिद येथे स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तिचे नाव ‘इन्स्तितुसिओन लिब्रे दे एन्सेन्यान्सा’. कवी आंतोनियो माचादो या संस्थेत शिकले. ही संस्था खासगी होती. तिच्यासाठी भागभांडवल उभारण्यात आले होते. म्हणजे ती ‘लिब्रे’ होती, पण ‘ग्रातिस’ नव्हती. इंग्रजी पुस्तकांत तिच्या नावात ‘फ्री’ शब्द आला की वाचकाला ती धर्मादाय मोफत शाळा वाटण्याचा संभव असतो. काय शिकवावे हे मंत्र्याने ठरवू नये, या आग्रहातून तिचा जन्म झाला, ही खरी गोष्ट त्या शब्दाआड झाकली जाते.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील तिसरे कलम याहून बोलके आहे. मूळ रूपात त्याच्या आरंभी शिक्षण ‘लिब्रे’ आहे असे म्हटले होते, आणि अखेरीस सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण ‘ग्रातुइतामेन्ते’ दिले जाईल असे म्हटले होते. दोन्ही शब्द एकाच कलमात, आणि दोन्ही आवश्यक. या कलमाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने दोन्हीकडे ‘फ्री’ लिहिले तर पहिले वाक्य दुसऱ्याची निरर्थक पुनरुक्ती वाटेल. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत सत्ताविसाव्या कलमात हीच जोडी पुन्हा दिसते: एका उपकलमात अध्यापनाचे स्वातंत्र्य, दुसऱ्यात मूलभूत शिक्षण सक्तीचे आणि ‘ग्रातुइता’. त्या कलमाच्या मसुद्यावर खासगी व चर्चच्या शाळांचे पाठीराखे आणि सार्वजनिक शाळांचे पाठीराखे यांच्यात मोठी रस्सीखेच झाली होती. दोन्ही बाजूंना आपापली मागणी वेगळ्या शब्दात मांडता आली, म्हणून तडजोडही स्पष्ट शब्दांत लिहिता आली.

यातून निघणारे सार असे. शिक्षणाविषयी दोन प्रश्न असतात. पैसे कोण देणार, हा एक. काय शिकवायचे आणि कोणत्या भाषेत, हे कोण ठरवणार, हा दुसरा. ‘ग्रातुइता’ पहिल्याचे उत्तर देते, ‘लिब्रे’ दुसऱ्याचे. इंग्रजी ‘फ्री एज्युकेशन’ दोन्ही प्रश्नांना एकाच झुलीखाली झाकते, आणि पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसराही सुटला असा भास निर्माण करते.

संगणकाच्या जगातील उसनवारी

इंग्रजी भाषकांनाही आपल्या शब्दाची ही उणीव जाणवली, आणि तीही अगदी आधुनिक क्षेत्रात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. संगणक-प्रणाली अभ्यासण्याचे, बदलण्याचे व इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हा त्यांचा आग्रह. परंतु ‘फ्री’ म्हटले की लोकांना ‘फुकट’ ऐकू येई. आपण किमतीविषयी बोलत नसून स्वातंत्र्याविषयी बोलत आहोत, हे त्यांना दशकानुदशके समजावून सांगावे लागले. या घोटाळ्याला कंटाळून १९९८ मध्ये काहींनी ‘ओपन सोर्स’ असा निराळा शब्दच चालवला. इतर काहींनी स्पॅनिश आणि फ्रेंचमधला ‘लिब्रे’ उसना घेऊन इंग्रजीत रूढ करण्याचा प्रयत्न केला. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रेऑफिस’ या प्रणालीच्या नावात तो आजही आहे. स्पॅनिश भाषकाला यातले काहीच करावे लागले नाही. त्याने पहिल्या दिवसापासून ‘सॉफ्टवेअर लिब्रे’ म्हटले आणि कामाला लागला.

शब्द स्पष्ट असला की त्याच्या आधारावर भांडताही येते. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियावर लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण बाहेर पडले आणि त्यांनी ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ हा वेगळा ज्ञानकोश सुरू केला. पुढे विकिपीडियावर जाहिराती घेतल्या जातील की काय, ही शंका त्यामागचे एक प्रमुख कारण होते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की जाहिराती आल्या असत्या तरी वाचकाला पैसे पडले नसतेच. ज्ञानकोश ‘ग्रातिस’ राहणारच होता. तो ‘लिब्रे’ राहील का, हा त्यांचा प्रश्न होता.

‘लिब्रे’च्या मर्यादा

स्पॅनिशची थोरवी गाताना तिची दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘लिब्रे’ हाही अनेकार्थी शब्द आहे, आणि सत्ताधाऱ्यांना त्याचा उपयोग ठाऊक असतो. पोर्तो रिको हे बेट १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. २५ जुलै १९५२ रोजी तेथे नवी राज्यघटना अमलात आली. तिच्यात त्या भूभागाचे इंग्रजी नाव ‘कॉमनवेल्थ’ असे आहे, तर स्पॅनिश नाव ‘एस्तादो लिब्रे आसोसियादो’, म्हणजे ‘संलग्न स्वतंत्र राज्य’. ‘कॉमनवेल्थ’ हाही बहुरूपी शब्द: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स हे पूर्ण दर्जाचे राज्यही स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवते आणि भारत ज्या राष्ट्रकुलाचा सदस्य आहे तेही कॉमनवेल्थच. इंग्रजी नावात स्वातंत्र्याचा उच्चार नाही. स्पॅनिश नावात आहे. ज्यांना वॉशिंग्टनला दाखवायचे होते त्यांनी इंग्रजी नाव दाखवले, ज्यांना बेटावरील जनतेचे समाधान करायचे होते त्यांनी स्पॅनिश. प्रत्यक्षात बेटावर राहणाऱ्यांना अमेरिकेचे नागरिकत्व असूनही अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणात पोर्तो रिकोच्या सत्तेचे अंतिम उगमस्थान अमेरिकेची काँग्रेसच असल्याचा निर्वाळा दिला. नावात ‘लिब्रे’ असले म्हणून वस्तुस्थिती ‘लिब्रे’ होत नाही. शब्दांची जाण असलेल्या समाजाने शब्दामागील वस्तुस्थितीही तपासत राहिले पाहिजे, एवढा धडा पोर्तो रिको देते.

मराठीची तिजोरी

आता थोडे आपल्याकडे वळू. स्पॅनिशपाशी दोन मोठे शब्द आहेत म्हणून आम्ही तिचे कौतुक केले; मराठीपाशी किती आहेत? बंधन नसलेला तो मुक्त, परक्याच्या अमलाखाली नसलेला तो स्वतंत्र, कामातून वा गर्दीतून सुटलेला तो मोकळा, कोणी बसलेले नाही ती जागा रिकामी, कोणासही मज्जाव नाही तो प्रवेश खुला. मोल पडत नाही ते मोफत, विनामूल्य किंवा निःशुल्क. आणि त्यातच किंचित तुच्छता मिसळायची असेल तर फुकट. कर नसलेले करमुक्त, साखर नसलेले बिनसाखरेचे. स्पॅनिशमध्ये छंदाचे बंधन झुगारणारी कविता आणि मुळाला धरून न चालणारा अनुवाद हे दोन्ही ‘लिब्रे’च असतात, मराठीने पहिलीला मुक्तछंद म्हटले आणि दुसऱ्याला स्वैर अनुवाद. येथे आपली भाषा स्पॅनिशपेक्षाही बारकाईने चालते. गोमंतकीय वाचकांना पोर्तुगीजचा परिचय असेल, तर त्यांना तेथेही ‘लिव्ह्‌रे’ आणि ‘ग्रातिस’ अशी स्पॅनिशसारखीच वाटणी आठवेल.

एवढी संपत्ती तिजोरीत असताना आपल्या बोलण्यात काय चालते? ‘उद्या फ्री आहेस का?’, ‘दोनावर एक फ्री’, ‘तिच्याशी फ्री वाटतं’, ‘रस्ता फ्री झाला’, ‘शुगर-फ्री चहा’. इंग्रजी शब्द वापरला म्हणून आमचा आक्षेप नाही. ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ आपण सुखाने पचवले आहेत, आणि ‘मोफत’ हा शब्दही फारसीतूनच आला आहे. ‘टेबल’ आले तेव्हा मराठीत एका शब्दाची भर पडली. ‘फ्री’ येतो तेव्हा दहा शब्द अडगळीत जातात आणि त्यांच्याबरोबर दहा भेदही जातात. इंग्रजीने जो गोंधळ नाइलाजाने सोसला, तो आपण हौसेने विकत घेत आहोत.

याचा परिणाम गप्पांपुरता राहिला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. भारतीय राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि त्यानुसार झालेल्या २००९ च्या अधिनियमाच्या मराठी नावात ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे शब्द आहेत. अनुवादकाने ‘फ्री’चा नेमका अर्थ ओळखून ‘मोफत’ लिहिले, हे योग्यच झाले. परंतु त्याच राज्यघटनेत अनुच्छेद ३० भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देतो, आणि १९५६ मध्ये घातलेला अनुच्छेद ३५०-क अशा समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी सांगतो. पहिली तरतूद ‘ग्रातिस’च्या घराण्यातली आहे. अनुच्छेद ३० ‘लिब्रे’च्या घराण्यातला आहे, आणि ३५०-क त्या पसंतीला प्रत्यक्षात आधार देऊ पाहतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी पालकाला गावात मोफत शाळा आहे असे सांगितले जाते तेव्हा त्याच्या अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. शुल्क नाही हे ठीक. मूल कोणत्या भाषेत शिकणार आणि ते ठरवण्यात त्याचा काही वाटा आहे का, हा उरलेला अर्धा. ‘शिक्षण फ्री आहे ना, मग तक्रार कशाची?’ असे कोणी विचारले तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. शिक्षण मोफत आहे, हे मान्य करावे. आणि ते मुक्त आहे का, हे विचारावे. हे दोन शब्द आपल्यापाशी आहेत, म्हणूनच हे दोन प्रश्न आपल्याला वेगळे विचारता येतात.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. शाळेचे परिपत्रक, मंडळाची निमंत्रणपत्रिका, दुकानाची पाटी किंवा अर्जाचा मजकूर मराठीत लिहिताना ‘फ्री’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला तर क्षणभर थांबावे. कोणाला पैसे पडणार नाहीत हे सांगायचे आहे, कोणाला मज्जाव नाही हे सांगायचे आहे, की निर्णय कोणाचा आहे हे सांगायचे आहे, ते आधी स्वतःशी ठरवावे. मग त्या अर्थाचा मराठी शब्द लिहावा. तो सापडायला फार शोधावे लागणार नाही.